हाताची मागची बाजू

नवतपा लागला की
आमच्या ऑफिसात कूलरच्या फायली येत.
विद्युत निरीक्षक, टेबल क्रमांक चार.
एकतीस वर्षं मी तिथे वायरमनचे परवाने दिले,
म्हणजे शिक्का मारला,
सही साहेबांची.

गुणवंत बोरकुटे तीनदा नापास झाला. लेखीत.
'अर्थिंगची पद्धत लिहा' या प्रश्नाखाली
त्यानं चित्र काढलं होतं:
खड्डा, कोळसा, मीठ,
आणि वरून घागरीनं पाणी ओतणारी एक बाई.
परीक्षकानं बाईवर लाल फुली मारली.

दर एप्रिलला मात्र मानेवाड्याच्या माझ्या घरी
कूलर काढायला तोच.
बायको हसायची.
जुनी खस उपसायचा, पंप उलटा करून फुंकायचा,
आणि बटण दाबलं की
टाकीला आधी स्वतः हात लावायचा,
हाताची मागची बाजू.
"तळहात नोका लावू साहेब कधी.
करंट असला तं मूठ वळते, सुटतच नाई.
मागून लावला तं हात फेकल्या जाते."

हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

नंदनवनातली ती मुलगी नऊ वर्षांची.
कूलरमध्ये पाणी भरत होती, अनवाणी.
फाईल माझ्याच टेबलावर आली.
तपासणी अहवाल जोडलेला,
ठेकेदार परवानाधारक, नंबर बरोबर, मुदत बरोबर,
शिक्का माझा.
तो त्या घरी कधी गेलाच नव्हता.
गठ्ठ्यानं सह्या विकायचा, दोनशे रुपयाला एक,
अर्ध्या इतवारीला माहीत.
नोटीस निघाली. उत्तर आलं.
मार्चमध्ये परवान्याचं नूतनीकरण झालं.

बोरकुटे खरा आणि कागद सगळा खोटा
असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

पण त्याच्याच हाताखालचा रोशन
सहा महिन्यांत बाहेर पडला, पाटी लावली,
आणि पुढच्या उन्हाळ्यात दिघोरीतलं एक दुकान
त्याच्या जोडणीनं पेटलं.
दुकानवाली माझ्यापुढे उभी.
"कोणावर करू तक्रार?"
मी रजिस्टर उघडलं.
जे नाव लिहिलंच नाही ते खोडणार कसं?
आणि जी लिहिली होती,
त्यातलं तरी एक
आम्ही कधी खोडलं होतं?

ती बराच वेळ उभी होती.
साडीला जळक्या रबराचा वास.
मी तिला कोरा फॉर्म दिला.

आता निवृत्त आहे. बोरकुटेची नजर गेली.
नवीन येतो तो पोरगा परवाना मोबाईलवरच दाखवतो.
मी चष्मा लावून नंबर वाचतो, मुदत वाचतो,
पाणी विचारतो.
तो गेला की
चप्पल घालून
कूलरपाशी जातो,
हाताची मागची बाजू पुढे करून
उभा राहतो.

आतून बायको विचारते,
झाला का चालू?