लाल माझ्याकडे होता

ब्रिजपोर्टला, तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडक्यांखाली
आम्ही अकरा बायका बसायचो.
लाल माझ्याकडे होता.
पिवळा कोंचेताकडे,
निळा इडाबेलकडे, जी दिवसदिवस बोलायची नाही.
पोरगी एकच, पण आम्ही तिघी तिला
वेगवेगळ्या पारदर्शक पानांवर भरायचो.
अख्खी अशी ती आम्हांला दिसायची
थेट औषधांच्या दुकानात, फिरत्या स्टँडवर,
दहा सेंटला.

गालांना चार आणे लाल,
रागावली तर आठ,
ओठ मात्र सोळा आणे,
मग ती नर्स असो, टेलिफोनवरची असो,
नाहीतर सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर भाळलेली.

अश्रू कुणाकडेच नव्हते.
गॅफ्नी फोरमननं पहिल्याच दिवशी सांगितलं,
"थेंब सोडून रंगवायचं. थेंब म्हणजे कोरा कागद."
एवढं रडणं झालं त्या पानांत
आणि शाईला तोशीस नाही.

जेवणाच्या सुट्टीत कोंचेता
बोलण्याचे फुगे मोठ्यानं वाचायची, पाव छातीशी धरून:
"ब्रॅड! तुझ्या खोट्या चुंबनाची राख
मी जन्मभर ओठांवर वागवू का?"
हसून हसून आम्ही टेबलावर डोकी टेकायचो.
मग हात पुसून पुन्हा ब्रॅडचा टाय भरायला.
घरी जाताना बसमध्ये मात्र
तेच वाक्य मी ओठ न हलवता म्हणून बघायची.
ब्रॅडच्या जागी लेशेक काही केल्या बसत नव्हता.

लेशेक पितळेच्या कारखान्यात. नखांत हिरवट काळं.
तीन वर्षं दर रविवारी यायचा,
आईशी बटाट्यांच्या भावावर बोलायचा
आणि माझ्याशी बोलायची वेळ आली
की हातातल्या टोपीशी बोलायचा.
एकदा म्हणाला, "मनगटाला रंग लागलाय."
एवढंच. त्यावर मी आठवडा काढला.

शेवटी पत्र लिहिलं,
मागच्या पानावरून मुलींना वाट दाखवणाऱ्या मावशीला.
मावशी म्हणजे न्यूयॉर्कचा एक टकल्या गृहस्थ.
महिन्यातून एकदा मजकूर घेऊन यायचा,
विझलेली सिगार चघळत.
हे मला माहीत होतं. तरी लिहिलं.
खाली सही: गोंधळलेली, कनेक्टिकट.

चार महिन्यांनी ते पान माझ्याच टेबलावर आलं.
माझेच शब्द, जरा वेणीफणी केलेले,
आणि उत्तर:
"ज्याच्या पावलांच्या आवाजानं
तुझ्या काळजात वीज पडत नाही,
त्याला आयुष्य स्वस्तात देऊ नकोस. थांब."
पानाभोवती गुलाबांची चौकट होती.
ती भरायची माझ्याकडेच.
त्रेचाळीस गुलाब, सोळा आणे.
हात हलला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या रविवारी लेशेक आला तो शिडी घेऊन.
"स्वयंपाकघर गळतंय म्हणे," टोपीला म्हणाला,
टोपी घातली आणि वर चढला.
अंधार पडेपर्यंत ठोकत होता.
वीजबीज काही पडली नाही.
उतरल्यावर पाणी मागितलं
आणि पेला रिकामा झाल्यावर, तो तसाच धरून,
आणखी एक गोष्ट मागितली.
फुग्यात शोभेल असं काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं,
तर निघालं, "आधी हात धू."

परवा नातीनं, रॉक्सॅननं,
त्यातला एक अंक कुठूनसा आणून दिला,
प्लॅस्टिकमध्ये घातलेला, अठरा डॉलर मोजून.
पानं पिवळी पडलीत, म्हणून थेंबही पिवळे.
उशिरा का होईना, कोंचेताचा हात लागला त्यांना.
आणि शेवटच्या चौकटीत, जिथं ब्रॅड परत येतो,
छापताना प्लेट केसभर सरकलेली:
ओठ त्याच्या ओठांवर,
पण ओठांचा लाल बाजूला,
त्याच्या कॉलरवर.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
माझी चूक नव्हती. मी रेषेच्या आतच भरलं होतं.