साडेपाचशे फुटांवर

कळंबच्या शिवारात रात्री अकराला
साडेपाचशे फूट झाले, नुसता फुफाटा.
सेल्वमनं बोअरची गाडी बंद केली.
पोरं राखेच्या पुतळ्यांसारखी बांधावर बसली.

दुमक्याचा लखन हेम्ब्रम म्हणाला, मोडक्या हिंदीत:
पहिल्यांदा सगळं पाणीच होतं.
गांडूळ तळाशी गेलं, माती गिळून आलं,
कासवाच्या पाठीवर ओकलं.
तीच ही जमीन.

गांडूळ नव्हं बाबा, वराह, गयाबाई चहा ओतत म्हणाली,
सुळ्यावर आणली त्यानं.
तळहातावर नारळ धरून जागा दाखवणारे मौलाचाचा
दाढीतली धूळ झटकत:
अर्श भी पानी पर था, बेटा.
सेल्वमच्या गावी तर पुरातून मडकं आलं होतं तरंगत,
आत साऱ्या सृष्टीचं बियाणं.

मी फुटांची वही मिटली.
वाद जनावराचा. पाण्याबद्दल कुणालाच शंका नाही.

इथं मात्र गोष्ट उलटी लागलेली:
आधी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा पाषाण,
आणि कुणीतरी बुडी मारून
तोंडात घोटभर पाणी धरून
वर यायचंय.

"और एक रॉड?" लखननं विचारलं.
गयाबाई वाकली,
केसिंगच्या तोंडाशी तोंड नेऊन
आत कुणाला तरी म्हणाली,
दमानं ये. पण ये.