पाणसळ

फळी खांद्यावर घेऊन एस्किल वळला,
एवढंच.
मागचं टोक माझ्या कानामागे लागलं, टक्.
रक्त नाही. टेंगूळसुद्धा बेताचं.
आम्ही दोघंही हसलो.
नशीब पाईनची होती, मी म्हणालो, ओकची असती तर!
आणि जिन्याच्या उरलेल्या सहा पायऱ्या
त्याच दुपारी ठोकून टाकल्या.

हे नोव्हेंबर संपतानाचं. त्रोम्सोत
त्याच आठवड्यात सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच,
दरवर्षी जातो तसा.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझा मेंदू दाखवला,
राखाडी, नेटका, सोललेल्या अक्रोडासारखा.
काही नाही, म्हणाल्या. दोन आठवडे. फार तर तीन.
आता नववा चालू आहे.

ही जमीन मीच घातलेली,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत
मिलिमीटरचा फरक निघायचा नाही.
तरी सकाळी उठलो की ती फ्योर्डकडे कलते
आणि मी खुर्चीची पाठ धरून
ती परत येण्याची वाट बघतो.

परवा रानवाइगकडे किसणी मागितली.
मला रंधा हवा होता.
तिने काही न विचारता किसणी आणून दिली
आणि मी ती हातात घेऊन दाराशी उभा,
बराच वेळ.
तेवीस वर्षं पोटाला घालणारा शब्द
कुठल्या खोक्यात ठेवला मी?

विमा कंपनीचा फॉर्म विचारतो,
दुखणं एक ते दहामध्ये किती.
दुखत नाही हो तसं.
शेजारच्या खोलीत कोणीतरी
रात्रंदिवस सँडपेपर घासतंय
आणि शेजारची खोली नाहीच आहे.
याला किती आकडा लिहू?

दुकानात ओड्डवार भेटतो, पाठीत थाप मारतो,
दिसतोस तर झकास!
हात मोडला असता तर प्लास्टरवर सही केली असती त्याने.
फ्रीजच्या रांगेतल्या दिव्यांखाली
दुधाचा खोका न घेताच मी बाहेर पडतो.

शुक्रवारी एस्किल येतो.
बूट न काढता उंबऱ्यावरच उभा.
त्याचं जाकीट सळसळतं
ते मला दातांत ऐकू येतं.
पण पोर एकोणीस वर्षांचं आहे,
मी म्हणतो, बरा आहे रे, जिना कसा झाला?

काळोख मला मानवला होता, खरं सांगायचं तर.
सगळं गाव दुपारी दोन वाजता दिवे लावून
जांभया देत होतं,
माशाचं तेल पीत होतं, शब्द विसरत होतं,
माझं वेगळं काही कोणाला दिसलं नाही.
मलाही नाही.

आज मात्र सूर्य येणार म्हणून
शाळेतली पोरं टेकडीवर नेली.
बेकरीपुढे रांग, लाल जॅम भरलेल्या गोल पावांसाठी.
रानवाइग म्हणाली, चल ना, दहाच मिनिटं,
आणि मग माझ्याकडे बघून
स्वतःचीच टोपी नीट करत राहिली.

मी पडद्यावर पांघरूण टाचलं,
दाराच्या फटीला टॉवेल.
तरी बारा वाजायला थोडं असताना
शिवणीच्या एका भोकातून तो आत आला,
छिन्नीसारखा,
आणि बरोबर कानामागे बसला.
टेकडीवरून ओरडणं ऐकू आलं. आनंदाचं.
मी उशीखाली डोकं घातलं
आणि आमच्या सूर्याला, ज्याच्यासाठी
मीही लहानपणी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो,
एक घाणेरडी शिवी दिली.

सुन्निवा आली तेव्हा तिच्या हनुवटीला साखर होती.
कुजबुजत बोलायला शिकली आहे आता,
सातव्या वर्षी.
पाव उशीपाशी ठेवला,
माझ्या पिशवीतून पाणसळ काढली
आणि आडवी धरली माझ्या कपाळावर.
थंड. जड. ओळखीची.

सरळ आहे का? मी विचारलं.
ती वाकली. तिच्या श्वासाला रासबेरीचा वास.
नाही, बाबा. बुडबुडा मधे नाहीये.

नऊ आठवड्यांत हे
पहिल्यांदाच कोणी म्हणालं.

किती?

थोडासाच. खिडकीकडे.
हलू नकोस ना,
मी नीट बघते.