एकशे सदतीस

दार ढकलून खलाशी आत येतात, बुटांवरचा बर्फ झटकतात,
पण त्यांच्याही आधी त्यांचे फोन हाळी देतात.
पाठवणारा: शून्य, शून्य, शून्य, शून्य.
कोणासाठी: जो कोणी ऐकेल त्याच्यासाठी.
अहो, कुणी आहे का?

क्लायपेडा बंदरातला हा खलाशांचा क्लब.
बिलियर्डच्या टेबलामागं, कपाटात, झाडूशेजारी
माझी राखाडी पेटी. तिचा पंखा कुरकुरतो.
ती म्हणते, आहे की. एकशे बारा मोकळा आहे, घेतोस?
फोन म्हणतो, घेतो;
तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं,
म्हणजे दुसरं कुणी देऊ करत असेल, तर त्यानं हात मागं घ्यावा.
घे तर. उद्या रात्रीपर्यंत तुझा.
चार वाक्यं. पापणी लवायच्या आत बिऱ्हाड थाटून मोकळे.
ना दाखला, ना जामीन, ना अनामत.
मला या गावात घर मिळायला तीन वर्षं लागली.

शंभर ते एकशे एकोणपन्नास, असे पन्नास पत्ते.
माझ्या आधीच्या लेओकादियानं आखून ठेवलेले, आणि ते पुरायचे.
(कायमचा पत्ता आमच्यात फक्त प्रिंटरला आहे.
तो उन्हाळ्यापासून बंद आहे.)

त्या जानेवारीत सकाळी दोन जहाजं सुटली,
दुपारी तीन आत घुसली,
मग वाऱ्यानं बंदराचं तोंडच बांधलं.
संध्याकाळी क्लब भरला आणि फोन नुसतेच हाका मारत राहिले.
पेटी गप्प.
ज्याला कुणीच ओ देत नाही, तो फोन शेवटी थकतो
आणि स्वतःच स्वतःला एक पत्ता देतो,
एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा.
त्या पत्त्यावर राहता येतं,
पण तिथून बाहेर रस्ता जात नाही.

झ्वियाद, जॉर्जियाचा, इंजिनरूममधला,
फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला,
भरलंय म्हणजे काय? खुर्च्या तर रिकाम्या आहेत!
तिकडं गावात त्याची गाय अडली होती,
आणि भाऊ विचारत होता, ओढू का थांबू?

मी यादी उघडली.
पन्नासच्या पन्नास भरलेले, त्यातले एकतीस समुद्रावर.
गेलेल्यांनी निरोप घेतला नव्हता. कोण घेतं?
फोन खिशात, खिसा जहाजात, जहाज बाल्टिकमध्ये कुठंतरी,
आणि इथं खोल्यांना त्यांची कुलपं.
एकेकाचा पत्ता कट करत गेलो.
अक्षरशः. एवढं सोपं असू नये, असं वाटलं.

एकशे सदतीस झ्वियादच्या हाती पडला.
खिडकीशी उभा राहून तो ओरडू लागला,
डाव अर्धा टाकून सगळे त्याच्याकडं बघू लागले.
मला जॉर्जियन येत नाही.
तो मुठीनं हवेत काहीतरी ओढत होता, हळू, हळू,
मग मूठ सुटली आणि तो खुर्चीत बसला.

त्या रात्री मी मुदत एक तासावर आणली.
आता अर्धा तास सरला की प्रत्येक फोन विचारतो,
अजून इथंच आहे, राहू का?
राहा.
रात्रभर हेच चालतं, कुणालाही ऐकू न येता.

एप्रिलमध्ये तेच जहाज परत आलं.
झ्वियाद दारात, आणि फोन त्याच्याआधी पेटीशी:
मागच्या खेपेला मी एकशे सदतीस होतो, मिळेल?
नाही रे, तिथं आता एक स्वयंपाकी आहे, इलोइलोचा.
एकशे चार बघ.
फोननं वाद घातला नाही.
झ्वियादला यातलं काही कळलंही नाही;
तो मला वासराचा फोटो दाखवत होता.