कोणी आणि काहून

अकरा वर्षं मी एकच शब्द घेऊन
हिंगण्याच्या शेडमध्ये शिरायचो, सकाळी नऊला:
कोणी?
कोणी गुंडाळली ही कॉइल, कोणी पास केली,
चाचणीत जळाली तेव्हा शिफ्टवर कोण होतं.
समोर सतरा माणसं,
नजरा आपापल्या बुटांच्या टोकांवर.
उत्तर मिळायचंच, हे सांगायला हवं.
बहुतेकदा ते सुटीवर असलेल्या माणसाचं नाव असायचं.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर,
फाटकाबाहेरचं डांबर चपलेला धरून ठेवणारं.
त्या आठवड्यात पाच ट्रान्सफॉर्मर गेले.
मागच्या मेमध्येही गेले होते. त्याच्या मागच्या नाही.
हे माझ्याच वहीत होतं.
मी वही फक्त नावांसाठी वाचत होतो.

पुण्याहून सल्लागार आले,
सावजीचा रस्सा खाऊन घामाघूम झाले
आणि एक तक्ता टांगून गेले: पाच वेळा ‘का’ विचारा.
विचारलं.
पहिल्या ‘का’ला निमजे म्हणाला, तार खराब.
दुसऱ्याला बारापात्रे म्हणाला, व्होल्टेज.
तिसऱ्याला कुणीच काही म्हणालं नाही.
माझ्या तोंडून ‘का’सुद्धा
‘कोणी’सारखाच ऐकू येत होता.

जेवणाच्या सुटीत वाइंडिंगच्या टेबलाशी
सुलोचनाबाई हेडाऊ एकट्याच.
कोष्टीपुऱ्यातल्या; वडिलांचा माग विकला गेला
त्या वर्षी इथे लागलेल्या.
तांब्याची तार बोटांतून अशी सोडायच्या
जसा लुगड्याचा काठ उतरतोय.
मी स्टूल ओढलं. पहिल्यांदाच.
त्याचा एक पाय आखूड निघाला.

“बाई, तुम्हाला इथून असं काय दिसतं
जे मला केबिनमधून दिसत नाही?”

मग काहीच झालं नाही.
भट्टीची घरघर. कुणाच्या तरी डब्यातला कांदा.
‘तेलाचा दर्जा असेल का?’
हे माझ्या जिभेवर तयारच होतं;
प्रश्न टाकून लगेच त्यावर झाकण ठेवायची
माझी जुनी खोड.
स्टूल डगमगलं.
ते सावरण्यात बोलायची वेळ निघून गेली.

“आता इचारून राह्यले म्हणून सांगते जी.
तो कूलर.”

खिडकीतला मोठा कूलर. दोन वर्षांपूर्वी मीच बसवलेला.
फीत कापली होती, पेढे वाटले होते,
अहवालात फोटो आहे: कामगारांची काळजी.

“त्याचा ओला वारा सरळ कागदाच्या रिळांवर येते.
कागद पाणी पेते जी, पापडावानी सादळते.
भट्टीत वरवर वाळते, आतून नाही.
सुताचंही असंच होये. आमचे बाबा
श्रावणात सूत चुलीवरच्या फळीवर ठेवत.”

“मग दोन वर्षं सांगितलं काहून नाही?”
निघालंच तोंडून.
त्यांनी पाहिलं माझ्याकडे, रागानं नाही,
गाठ नेमकी कुठे बसली ते पाहावं तसं.
“तुम्ही नाव इचारत होते साहेब.
कूलरचं काय नाव सांगू?
अन् त्याच्यावर तुमचंच लिहून हाये.”

रिळं त्या संध्याकाळी कोरड्या खोलीत गेली.
कूलर तिथंच ठेवला; उकाडा तर खराच होता.
पुढच्या मेमध्ये दोन गेले. शून्य नाही, दोन.
त्यांचं कारण अजून कळलेलं नाही,
आणि ‘अजून कळलेलं नाही’ हे वाक्य
मी बैठकीत मोठ्यानं म्हणून पाहिलं.
छत पडलं नाही.

सुतार आला होता स्टुलाचा पाय बसवायला.
राहू दे म्हटलं.

अजूनही दहातले सहा प्रश्न माझे वाकडेच निघतात.
परवा बारापात्रेनं हात वर केला:
“साहेब, हा सवाल हाये का वॉर्निंग?”
शेड हसली. मीही.
विचार करून सांगतो, म्हटलं.
करतोय.