अनुस्वार

चरईतल्या वाचनालयात आता एक टेबल माझं आहे.
त्यावर लोखंडी मानेचा स्टँड, स्टँडला कॅमेरा,
आणि जितेश भोईर, जो पान सपाट धरतो
आणि मधूनमधून वडापाव खातो,
मला कळत नाही असं समजून.

यंत्र आधी शिक्का वाचतं, मग दाखलअंक,
मग 'पुस्तकात लिहू नये',
मग कादंबरी. त्याला खोकला येत नाही,
आवंढा येत नाही.
चुकतं मात्र. काल म्हणालं, 'पाटलाची रंग जिरली.'
रंग असता तर जिरला असता. जिरली ती रग.
'जितेश, कसर लागलीय बघ तिथे.'
लागली होतीच. किड्याने र च्या डोक्यावर भोक पाडलं
आणि एआयने त्याचा अनुस्वार केला.
तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते मी,
राँग नंबर मला नुसत्या श्वासावरून कळतो.

ही कादंबरी माझी ऐकलेली.
टिपणीसबाई वाचायच्या, दर गुरुवारी, याच खिडकीशी.
पुस्तकात लिहिणाऱ्यांना फार रागवायच्या.
पाच वर्षं झाली त्यांना जाऊन.
पान एकशे बारा संपलं आणि बाईंना तहान लागली.
पाणी पिऊन आल्या, आणि पान उलटल्याचा आवाज
जाड आला, दोन-तीन पानांचा मिळून.
मी काही बोलले नाही.
वाटलं, प्रेमाचा प्रसंग असेल, बाई सोवळ्या.
घरी जाऊन तो माझा मीच रचला.
बराच चांगला रचला होता.

आज यंत्राने एकशे तेरा वाचलं.
प्रेम नव्हतं. नायिकेची थोरली बहीण,
देवीत डोळे गेलेली, रात्री विहिरीकडे जाते,
आणि लेखक म्हणतो, अशा जिण्याला दुसरं औषध काय.
शिक्का ज्या आवाजात वाचला, त्याच आवाजात.
जितेशचं चावणं थांबलं.

मग यंत्र म्हणालं, 'समासात पेन्सिलीने मजकूर आहे.
खोट आहे, किंवा खोटं आहे. खाली व. टि.
टिंबाबद्दल खात्री नाही.'

खोट असेल तर माझ्यात.
खोटं असेल तर त्याच्यात.

'कसर आहे का रे?'
'काळं काहीतरी आहे, मावशी. कळत नाही.'
'आण इकडे.'

बोट फिरवलं. भोक नव्हतं. खळगा होता,
टोक मोडेल इतका दाबून दिलेला.
पान उलटलं. मागून तोच ठिपका वर आलेला,
आमच्या शाळेत सुईने पाडायचो तसा.
ब्रेलमध्ये एकटा ठिपका म्हणजे अ.
बाईंना ब्रेल येत नव्हतं.

जितेशने विचारलं, थांबायचं का आज.
'एकशे चौदा लाव,' मी म्हटलं,
'आणि तो वडा संपव आधी, गार होतोय.'