पाव टाकी

चावी फिरवली की आधी तोच बोलतो,
इंजिनाच्याही आधी.
टाकीच्या पोटातून एक बारीक, ताणलेला सूर,
डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.
गाडी नवी होती तेव्हा दोन सेकंदांत गप्प व्हायचा,
आता शिरोलीपर्यंत सोबत येतो.
पुलावर, सिग्नलला,
फौंड्रीच्या गेटवर वॉचमन विचारतो,
काय भावा, मिक्सर घेऊन आलायस?

उद्यमनगरात इसाक बारगीरनं
टाकीला कान लावला, डोळे मिटले,
आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात
तशा आवाजात सांगितलं:
पंप जाणार. आज जाईल, नाहीतर वर्षानं.
नवा साडेसहा हजार.
माझ्या खिशात तेव्हा
पगाराला उरलेले नऊ दिवस होते.

आप्पांनी चाळीस वर्षं लेथवर काढली.
बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत आता,
मोबाईल, चिमण्या, आईचं पुटपुटणं.
माझा भुंगाही नाही.
तरी स्क्रू ड्रायव्हर मागितला,
टोक टाकीच्या बुडाला टेकवलं,
मूठ दातांत धरली,
आणि हातानंच खूण केली, चालू कर.

जबड्यानं ऐकलं त्यांनी.
बराच वेळ.

"कोरडं चालतंय," म्हणाले.
"पेट्रोलात बुडून जगणारं जनावर हाय ते.
तेच त्याचं पाणी, तेच त्याचं वंगण.
तू महिना महिना पाव टाकीवर फिरवतोस,
वरनं ह्या पेट्रोलात आता ऊस मिसळलेला."
मग स्वतःशीच हसले.
"आपलाच ऊस की. आणि नरड्याला कोरड."

लक्ष्मीपुरीतून बाटली आणली.
तिच्यावर इंग्रजीत पुष्कळ वचनं होती.
आप्पांनी चष्मा लावून सगळी वाचली,
कुठल्यावरच विश्वास ठेवला नाही,
आणि खोकल्याच्या औषधाचं टोपण धुऊन घेतलं.
दहा लिटरला दोन टोपणं. वर थेंब नाही.
पण आधी टाकी फुल्ल कर, म्हणाले,
उपाशीपोटी औषध देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी आवाज उतरला.
गेला नाही, लांब गेला,
शेजारच्यांनी दार लावून घेतल्यावर
त्यांचं भांडण जातं तसा.
बाटलीमुळं की भरलेल्या टाकीमुळं,
ते आप्पांनाही सांगता आलं नाही.
आणि मला साखळी ऐकू यायला लागली,
मडगार्डचा सैल नट,
हेल्मेटच्या आत माझाच श्वास.

आठवड्यानं हौसाक्का चौगुले
कळशी कमरेवर घेऊन दारात उभी.
"गाडी विकलास व्हय रं?"
न्हाई की आक्का.
"मग पाच दिस झालं, माझं पाणी चुकतंय.
सव्वापाचला नळ येतोय.
तुझी गाडी किंचाळली की मी उठायचो.
घड्याळाचं काय सांगतोस,
ते मेलं कुणासाठीबी वाजतंय."

दुसरी बाटली आणली. तिसरीही.
चौथ्या वेळी टोपण पुढं केलं तर
आप्पांनी ते उलटं करून फळीवर ठेवलं.

दिवाळीच्या बोनसमध्ये पंप बदलला.
इसाकनं जुना काढून माझ्या तळहातावर ठेवला,
अंगठ्याहून थोडा जाड,
जाळी काळी, शेवाळल्यासारखी,
अजून ओला.
इतकुसा जीव, आणि गल्लीभर आवाज.
फडक्यात गुंडाळून घरी आणला.
आप्पांनी हुंगला, नखानं जाळी खरवडली,
"ह्याला बिचाऱ्याला श्वासच न्हवता," म्हणाले.

आता काटा अर्ध्याखाली जाऊ देत नाही मी.
पहाटे चावी फिरवतो,
दोन सेकंद, मग काही नाही.
हौसाक्काच्या दारासमोर हॉर्न दाबतो, एकदाच, हलका,
आत दिवा लागेपर्यंत पाय टेकवून थांबतो.

दिवा लागतो.
पण हॉर्नला तो सूर न्हाई, म्हणते आक्का.